लेपांतोच्या सहा अवजड नौका

दरवर्षी ७ ऑक्टोबर रोजी आपण पवित्र जपमाळेच्या राणीचा सण साजरा करतो. सन १५७१ मध्ये याच तारखेला, रविवारी, ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील पात्रासच्या आखातात जी आरमारी लढाई झाली, तिच्यात या सणाचे मूळ आहे. पोप पायस पाचवे यांनी १५७२ साली त्या दिवसाचे स्मरण 'विजयमाता' या नावाने सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्यास जपमाळेच्या सणाचे नाव दिले. एवढा इतिहास प्रवचनांतून बहुतेक भाविकांच्या कानी पडलेला असतो. ज्या नौकांतून ती लढाई लढली गेली, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. त्या नौकांची बांधणी ध्यानात घेतल्याशिवाय त्या दिवशीच्या घटनांचा उलगडा होत नाही, असे आम्हांस वाटते.

त्या काळी भूमध्य समुद्रात युद्धासाठी मुख्यतः 'गॅली' वापरीत. ही वल्ह्यांनी चालणारी लांबट, अरुंद नौका. तिची लांबी चाळीस मीटरच्या घरात, तर रुंदी जेमतेम पाच मीटर असे. शीड असेच, परंतु लढाईच्या वेळी सारा भरवसा वल्ह्यांवर. व्हेनिसच्या साध्या गॅलीवर दीडशेच्या आसपास माणसे बाकड्यांवर बसून वल्ही मारीत. दोन्ही बाजू वल्ह्यांनी व्यापल्यामुळे तोफांना जागा उरे ती केवळ पुढे, नाळेवर. तेथे मधोमध एक मोठी तोफ व तिच्या आजूबाजूस काही लहान तोफा बसवीत. म्हणजे शत्रूकडे तोंड केल्याखेरीज गॅलीला तोफ डागता येत नसे, आणि कुशीवर हल्ला झाल्यास ती जवळजवळ निराधार होई. यासाठीच गॅलींचे आरमार शेजारी शेजारी, एका आडव्या रांगेत उभे राही. एकदा तोफा डागाव्यात, शत्रूच्या नौकेला भिडावे व तिच्यावर उडी घ्यावी, ही लढण्याची रीत. एका अर्थी ते पाण्यावरचे पायदळाचेच युद्ध होते.

व्हेनिसच्या 'आर्सेनाले' या सरकारी गोदीत काही जुन्या व्यापारी गॅली पडून होत्या. एके काळी त्या अलेक्झांड्रिया व बैरूत येथून मसाल्याचा माल आणीत. आफ्रिकेला वळसा घालून मलबारची मिरी थेट लिस्बनला नेण्याचा मार्ग पोर्तुगीजांना सापडला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गॅलींच्या फेऱ्या घटत गेल्या. त्याचे हे एक कारण, एकमेव नव्हे. या नौका रुंद, उंच आणि दणकट होत्या. व्हेनिसच्या कारागिरांनी त्यांवर पुढे, मागे आणि दोन्ही कुशींस तोफा चढविल्या. या नव्या प्रकारास 'गॅलिअस' म्हणतात. नौका इतकी जड झाली की लढाईच्या जागी पोहोचण्यासाठी तिला साध्या गॅलींनी ओढून न्यावे लागे. परंतु तिच्या उंच भिंतींवर चढणे शत्रूस फार कठीण होते आणि ती कोणत्याही दिशेस मारा करू शकत होती. कुशीस तोफा ही कल्पना अगदी नवी नव्हे. शिडाच्या जहाजांवर ती रूढ झालीच होती व १५०९ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, दीव येथे, पोर्तुगीजांनी तिचा प्रत्यय दिला होता. वल्ह्यांच्या आरमारात मात्र तिचा मोठा कस लेपांतो येथेच लागला.

पोप, स्पेन, व्हेनिस आणि त्यांचे मित्र यांच्या संघाकडे दोनशेहून थोड्या अधिक गॅली आणि अशा सहा गॅलिअस होत्या. सेनापती डॉन जुआन चोवीस वर्षांचे, तर व्हेनिसचे प्रमुख सेबास्तियानो व्हेनिएर सत्तरी ओलांडलेले. (पोर्तुगाल या संघात नव्हता, त्याच सुमारास गोवा व चौल यांना वेढे पडले होते.) डॉन जुआन यांनी गॅलींच्या नाळेवरील लांब सोंडा कापून टाकण्याचा हुकूम दिला, जेणेकरून तोफा खाली झुकवून जवळून मारा करता यावा. फ्रान्चेस्को दुओदो यांच्या हाताखालील गॅलिअस रांगेच्या पुढे, प्रत्येक विभागासमोर दोन, अशा ठेवावयाच्या होत्या. डाव्या बाजूच्या व मध्यातील चार नौका जागेवर पोहोचल्या. अली पाशाच्या गॅली त्यांना वळसा घालून पुढे सरकू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर मारा झाला व त्यांची रांग विसकटली. उजव्या बाजूच्या दोन गॅलिअस वेळेत पोहोचल्या नाहीत. संघाची मोठी हानी त्याच बाजूस झाली. तेथे सेनापती डोरिया यांच्या डावपेचांचा दोष किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आम्हांस मात्र त्या दोन रिकाम्या जागा पुष्कळ काही सांगून जातात.

आता वल्हेकऱ्यांविषयी. उत्सवाच्या कथनात त्यांना स्थान मिळत नाही. तुर्की नौकांवर साखळदंडांनी जखडलेले हजारो ख्रिस्ती गुलाम होते. त्या दिवशी त्यांपैकी सुमारे बारा हजार मुक्त झाले, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. ही खरोखर आनंदाची गोष्ट होय. तथापि संघाच्या नौकांवरही कैदी आणि मुसलमान गुलाम वल्ही मारीत होते, आणि पोपमहोदयांच्या गॅलीही त्याला अपवाद नव्हत्या. विजयानंतर पकडलेले तुर्क विजेत्यांनी आपसांत वाटून घेतले व त्यांतील कित्येकांना पुन्हा वल्ह्यांवरच बसविले. गॅलीची बांधणीच अशी होती की मनुष्यबळाशिवाय ती हलत नसे, आणि स्वखुशीने त्या बाकड्यांवर बसणारे फारसे मिळत नसत. साहित्यिक मिगेल द सर्व्हान्तेस या लढाईत छातीवर जखमी झाले व त्यांचा डावा हात निकामी झाला. पुढे १५७५ साली ते स्वतःच पकडले गेले आणि पाच वर्षे अल्जिअर्स येथे बंदिवासात राहिले.

विजयाचे राजकीय फळ अल्पजीवी ठरले. तुर्कांनी एका हिवाळ्यात नवे आरमार उभे केले आणि त्यात गॅलिअसच्या धर्तीच्या नौकाही बांधल्या. १५७३ साली व्हेनिसने सायप्रस बेट सोडून देऊन तह केला. लेपांतो येथे हस्तगत झालेला एक तुर्की ध्वज रोममध्ये जतन केलेला होता. तो पोप पॉल सहावे यांनी १९६५ साली तुर्कस्तानास परत केला.

गॅलिअसचे पुढे काय झाले? स्पेनने १५८८ साली इंग्लंडवर धाडलेल्या आरमारात नेपल्सच्या चार गॅलिअस होत्या. अटलांटिकच्या लाटा भूमध्य समुद्रासारख्या नव्हेत. त्यांपुढे या नौकांची सुकाणी टिकली नाहीत. 'सान लोरेन्सो' सुकाणू मोडून कॅले येथे वाळूत रुतली. 'हिरोना' हिने इतर बुडालेल्या जहाजांवरील माणसेही घेतली होती. सुमारे तेराशे जणांसह ती आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील खडकांवर फुटली व जेमतेम काही जण वाचले. १९६७ साली बेल्जियमचे पाणबुडे रॉबर्ट स्तेन्युई यांनी तिचे अवशेष शोधले. त्यांत सोन्याची नाणी, दागिने आणि माल्टाच्या सरदारांचा एक क्रूस मिळाला. या वस्तू बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात ठेवलेल्या आहेत.