उडालेले छप्पर आणि पंचनाम्याचा कागद

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग होता ताशी 110 ते 120 किलोमीटर. रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांची कौले, पत्रे उडून गेले. वर्ग रिकामे होते, म्हणून मुले वाचली. पुढच्या वर्षी तौक्ते आले. असे वादळ गेल्यावर शाळेला सरकारी पैसा मिळतो, पण तो कोणत्या वाटेने येतो हे गावाला ठाऊक नसले की दुरुस्ती लांबते.

वाट सुरू होते पंचनाम्यापासून. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवायचे. मग तलाठी, ग्रामसेवक जागेवर येतात. इथे घाई नको. ‘शाळेचे छप्पर उडाले’ एवढ्या एका ओळीवर पुढे कोणालाच अंदाज बांधता येत नाही. ‘इयत्ता तिसरीची खोली, लांबी-रुंदी अमुक, 22 पत्रे उडाले, 3 वासे मोडले, उत्तरेच्या भिंतीला छपराखालपासून खिडकीपर्यंत तडा’ असे लिहिलेले असले की अभियंत्याचे निम्मे काम झालेले असते. भिजलेली हजेरीपुस्तके, फुगलेली कपाटे, बंद पडलेला संगणक यांचीही नोंद त्याच वेळी करून घ्यावी. तड्याशेजारी टेप धरून फोटो काढावा. ताडपत्री टाकायच्या आधी काढावा, कारण झाकलेले नुकसान नंतर दाखवता येत नाही.

पुढे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातला शाखा अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश.

आता पैसा. चक्रीवादळ ही केंद्राच्या यादीतली आपत्ती आहे, म्हणून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे दार उघडते. महाराष्ट्रासाठी या निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत शाळा इमारतीच्या दुरुस्तीसाठी एका शाळेमागे कमाल 2 लाख रुपये धरले होते. निसर्गच्या वेळी ही मर्यादा दीड लाख होती. ही रक्कम तातडीच्या डागडुजीसाठी असते, नव्या इमारतीसाठी नाही. चार खोल्यांचे अख्खे छप्पर गेले असेल तर ती पुरणार नाही, हे आधीच ओळखून दुसरा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीकडे शाळा दुरुस्तीच्या तरतुदीतून धाडावा. दोन्ही कागद एकदम चालवावेत. एकाची वाट पाहत दुसरा थांबवला की पावसाळा हातचा जातो. समग्र शिक्षाचे वार्षिक शाळा अनुदानही असते, पण ते पटसंख्येवर ठरते. छोट्या वाडीवरच्या शाळेला त्यातून फार तर काही पत्रे आणि खिळे मिळतील.

भिंतीच खिळखिळ्या झाल्या असतील तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. अभियंत्याचा धोकादायक असल्याचा दाखला घेऊन इमारतीचे निर्लेखन करून घ्यावे. जुनी इमारत निर्लेखित होऊन पाडल्याशिवाय त्या जागेवर नव्या वर्गखोल्या उभ्या राहत नाहीत. तोवर वर्ग समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात भरवावेत. मुलांना धोकादायक इमारतीच्या छपराखाली बसवू नये.

छपराबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वारा पत्र्याला दाबण्यापेक्षा वर उपसतो, आणि हा ओढा कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त असतो. खाऱ्या हवेत गंजलेले हूक तिथेच आधी सुटतात. जसे होते तसेच छप्पर परत बसवले तर पुढच्या वादळात तेही जाईल. म्हणून अंदाजपत्रकातच कडेच्या ओळींना जादा आणि जस्ताचा मुलामा असलेले हूक लिहून घ्यावेत. त्याचा खर्च किरकोळ असतो.

हे सगळे मागे लागून करायचे कोणी? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पंचनाम्याची प्रत मागणे, प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे ते विचारणे हे त्यांचेच काम. तुमचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर मे महिन्यातच शाळेच्या चारही बाजूंचे आणि छपराचे तारखेसह फोटो काढून ठेवा. वादळानंतर नुकसान दाखवायला आधीची स्थिती हाताशी लागते.