परगावच्या जमीनमालकाला पत्र



आपल्या बांधाला लागून एखादा तुकडा वर्षानुवर्षे पड असतो. घाणेरी माजते, रानडुकरे दडतात आणि रात्री आपलेच पीक खातात. मालक कोण म्हणून विचारावे तर उत्तर येते, "तो मुंबईला असतो." तुमची घेण्याची तयारी आहे, कदाचित त्याचीही देण्याची आहे; पण दोघांची गाठ पडत नाही. ती टपालाने कशी घालावी, ते आज पाहू.

अमेरिकेत हा एक धंदाच आहे. कर थकलेले, परगावी राहणारे, वारसाने घर मिळालेले अशा मालकांच्या याद्या काढून एकाच मजकुराची हजारो पत्रे टाकतात. बहुतेक केराच्या टोपलीत जातात. शंभरात एखादे उत्तर आले तरी त्यांचे भागते. आपल्याला तो सपाटा नको. यादी आणि चिकाटी तेवढी घ्यावी.

यादी तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू होते. सातबारावर मालकाचे नाव मिळते. हल्ली तो महाभूलेखच्या संकेतस्थळावरही दिसतो. पण त्यावर पत्ता नसतो, आणि पुष्कळदा नाव असते ते केव्हाच वारलेल्या माणसाचे! म्हणून फेरफार पाहावा. वारसनोंद झाली असेल तर मुले, मुली, विधवा सगळ्यांची नावे तिथे सापडतात. थोरल्या भावाला तेवढे पत्र पाठवून भागत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सासरी गेलेल्या बहिणीला वगळून ठरलेला व्यवहार पुढे कोर्टात जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

पत्ता कुठून मिळवावा? भाऊबंदांकडून, देवळाच्या वर्गणीच्या वहीतून, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडून. गुरुजींना एक विनंती. शाळेचे जनरल रजिस्टर यासाठी उघडू नका. ते मुलांसाठी आहे. पत्त्यावर पिनकोड मात्र जरूर घाला. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने बसवली.

आता मजकूर. पत्र हाताने लिहावे, एका पानाचे. आपण कोण, कोणाचे शेजारी, गट नंबर कोणता, हे आधी. मग सरळ लिहावे : "ही जमीन विकण्याचा आपला विचार असल्यास मी घेऊ इच्छितो. नसल्यास राग मानू नये." आणखी एक ओळ विसरू नका : "मी ही जमीन कसायला मागत नाही." का म्हणाल? 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन आणि कूळकायदा जुन्या मालकांच्या घरात अजून विसरलेले नाहीत. गावाकडून जमिनीचे पत्र आले की पहिली शंका तीच येते. सोबत आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवा.

पहिल्या पत्रात भाव लिहू नये. त्यातही चाळीतल्या एकट्या म्हातारीला, तिला आजचा दर ठाऊक नाही म्हणून, अर्ध्या भावाचा आकडा कळवणे हे शेजारधर्माला शोभत नाही. सरकारचा वार्षिक दर तक्ता कुठे पाहावा ते उलट आपणच तिला कळवावे. कर्जाने किंवा आजारपणाने टेकीला आलेल्याच्या दारात घाईने उभे राहणारे दलाल पुष्कळ आहेत. आपण त्यांत भर का घालावी? ज्याला जमीन नुसते ओझे झाली आहे, त्याला शोधावे.

वेळही साधावी लागते. कोकणातली चाकरमानी मंडळी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतात. त्याआधी तीन आठवडे पत्र पोचले, तर "जातोच आहोत, बघून येऊ" असे होते. उत्तर नाही आले तर चार महिन्यांनी दुसरे, मग तिसरे, त्यापुढे नको. पोच हवी असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. जुने रजिस्टर टपाल 2025 मध्ये त्यातच विलीन झाले. परत आलेले पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टमनचा शेरा वाचा. "घर सोडून गेले" आणि "घेण्यास नकार" यांत फार फरक आहे, बरे का! कोणाला, केव्हा पाठवले, काय झाले, हे एका वहीत मांडत जा.

होकार आलाच तर लगेच विसार देऊ नका. दुय्यम निबंधकाकडे जुन्या दस्तांचा शोध घ्या. भोगवटादार वर्ग 2 असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर आधी परवानगीचा प्रश्न येतो. तुकडा लहान असल्यास 1947 चा तुकडेबंदी कायदा आड येतो का, तेही तहसील कचेरीत विचारावे. आणि ज्या गुरुजींच्या घरी शेती नाही, त्यांनी पत्राला तिकीट लावण्यापूर्वीच चौकशी करावी. कारण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही.