इंजिनातील तेल तापते तेव्हा

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो तो थोड्याच दिवसांपुरता. भारी काळ्या जमिनीत तर ही मुदत फारच अल्प असते. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च हा नुकसानीचा केवळ एक भाग झाला. हुकलेली पेरणी हा दुसरा आणि बहुधा मोठा भाग होय. इंजिन जाम होण्याच्या कारणांमध्ये वंगणतेल प्रमाणाबाहेर तापणे हे एक महत्त्वाचे कारण आहे. परंतु त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेडिएटरमधील पाणी उकळले तर वाफ दिसते व चालक सावध होतो. तेल तापले तर बाहेरून काहीच दिसत नाही.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णतेचे प्रत्यक्ष कामात रूपांतर होते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात उतरते व ती बाहेर काढण्याचे काम मुख्यतः पाणी करते. मात्र पिस्टनचा खालचा भाग, क्रँकशाफ्टची बेअरिंगे अशा जागी पाणी पोचू शकत नाही. तेथील उष्णता तेलालाच घेऊन यावी लागते. म्हणजे दोन धातूंमध्ये पातळ थर राखून घर्षण टाळणे आणि उष्णता वाहून नेणे, अशी दुहेरी जबाबदारी तेलावर असते. तापलेले तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात उतरते, तेथे थोडे निवते आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर चढविले जाते. एका मिनिटात अशा अनेक फेऱ्या होतात.

तेल जसजसे तापते तसतसे ते पातळ होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण किती पातळ होते याची कल्पना थोड्यांनाच असते. ४० क्रमांकाच्या साध्या तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला जितका असतो, त्याचा सुमारे दहावा हिस्साच १०० अंशांवर शिल्लक राहतो. इंजिनाची रचना हे गृहीत धरूनच केलेली असते, त्यामुळे ९० ते ११० अंशांपर्यंत काळजीचे कारण नाही. १२० अंशांच्या वर तेल दीर्घकाळ राहू लागले, म्हणजे बेअरिंगमधील थर क्षीण होतो. शिवाय तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते विटू लागते. तापमान दर १० अंशांनी वाढले की विटण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. तेल काळे झाले म्हणजे ते विटलेच असे नव्हे. डिझेल इंजिनात काजळीमुळे नवे तेलही थोड्याच तासांत काळे पडते.

तेल जितके थंड तितके चांगले, हाही समज बरोबर नाही. इंजिन सतत थंड राहिले तर जळणातून निर्माण होणारी पाण्याची वाफ तेलात साठते व त्याचा चिकट गाळ बनतो. म्हणून तेल योग्य उष्णतेवर राखणे हाच हेतू ठेवावयाचा.

बहुतेक ट्रॅक्टरांवर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, तेलाच्या तापमानाचा नसतो. तथापि जेथे तेलाच्या दाबाचा काटा आहे, तेथे त्याचाच उपयोग तापमापकासारखा करून घेता येतो. तेल पातळ झाले की दाब उतरतो. आठवड्यातून एकदा, दोन तास काम झाल्यावर, इंजिनाचे फेरे ठरावीक ठेवून काट्यावरील आकडा वहीत नोंदवावा. काम तेच, फेरे तेच, आणि आकडा मात्र उतरत चालला, तर तेल अधिक तापते आहे, त्यात डिझेल मिसळते आहे अथवा बेअरिंगे झिजली आहेत, यांपैकी काहीतरी घडत आहे असे समजावे. ही वही गावातील प्रत्येक ट्रॅक्टरवर असावी, असा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. तिला खर्च काहीच नाही. जेथे काट्याऐवजी केवळ दिवा असतो तेथे हा उपाय चालत नाही, कारण दाब अगदी खाली गेल्यावरच दिवा लागतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

पाणी आणि रेडिएटर

तेल तापण्याचे मूळ पुष्कळदा तेलात नसून पाण्यात असते. ज्या इंजिनांत तेल निवविण्यासाठी पाण्याचे वेष्टन असलेला शीतक बसविलेला असतो, त्यांत तर तेलाचे तापमान पाण्याच्या मागोमाग चालते. म्हणून पहिली तपासणी रेडिएटरची करावी.

उन्हाळ्यात हे अधिक का जाणवते, ते साध्या हिशोबाने कळते. रेडिएटरमधील पाणी ९५ अंश आणि हिवाळ्यातील सकाळची हवा २० अंश असेल तर दोहोंमध्ये ७५ अंशांचे अंतर पडते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा हे अंतर ५० अंशच राहते. उष्णता बाहेर पडण्याचे प्रमाण या अंतरावर अवलंबून असल्याने तोच रेडिएटर दुपारी दोन तृतीयांशच काम करतो. अशा वेळी त्याच्या जाळीचा काही भाग भुशाने बुजलेला असेल तर इंजिनाला वावच उरत नाही. उन्हाळी नांगरट पहाटे व सायंकाळी उरकण्याची चाल चालकाइतकीच इंजिनालाही मानवते.

मळणीच्या हंगामात रेडिएटरचे सर्वांत अधिक हाल होतात. सोयाबीनचे कुटार अथवा हरभऱ्याचा भुसा हवेबरोबर ओढला जाऊन जाळीच्या पुढल्या बाजूस घट्ट बसतो. ट्रॅक्टर उभा असल्यामुळे वाऱ्याचा झोतही मिळत नाही. मळणी यंत्र लावताना वारा ट्रॅक्टरकडून यंत्राकडे वाहील अशी जागा निवडावी, म्हणजे भुसा दूर उडून जातो. दोन-तीन तासांनी काम थांबवून, इंजिन बंद करून जाळी साफ करावी. हवा पुढून मागे ओढली जात असल्याने कचरा काढताना हवेचा झोत इंजिनाच्या बाजूने पुढे मारावा. समोरून मारल्यास कचरा अधिकच आत जातो. पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारल्यास पातळ पत्रे वाकतात, तेव्हा मऊ ब्रश वापरावा.

पंख्याचा पट्टा सैल झाला की पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत असते.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी इंजिनालाही वाईट. त्यातील क्षारांचा थर आतल्या भिंतींवर चढतो आणि हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी किंवा उकळून निवविलेले पाणी वापरावे. उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळल्यास गंजही लागत नाही. मात्र नुसते कूलंट भरू नये. निव्वळ कूलंटपेक्षा त्याचे पाण्याशी केलेले मिश्रण उष्णता अधिक चांगली वाहून नेते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. तो मानू नये. नादुरुस्त असेल तर बदलावा.

तेलाची पातळी व प्रत

पात्रात सात लिटर तेल हवे असताना पाचच असले, तर तेवढ्याच उष्णतेचा भार पाच लिटरांवर पडतो आणि तेलाला निवण्यास उसंत मिळत नाही. याउलट पातळी खुणेच्या वर गेली तर फिरता क्रँकशाफ्ट तेलात आपटून फेस होतो. फेसाळ तेल वंगणही करीत नाही व उष्णताही नेत नाही. रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना व इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी पाहावी. न घालताच पातळी वाढलेली दिसली, तर तेलात डिझेल अथवा पाणी उतरत आहे. हा इशारा गंभीर मानून इंजिन चालवू नये.

तेल तापते, म्हणून पुढल्या खेपेस अधिक दाट तेल घालावे, असा विचार स्वाभाविक वाटतो, पण तो पुष्कळदा उलटा पडतो. दाट तेल ढवळले जाताना स्वतःच अधिक उष्णता निर्माण करते व अरुंद वाटांतून सावकाश वाहते. पुस्तिकेत जो क्रमांक व जी प्रत दिली आहे, तीच घ्यावी. बदलण्याचे तासही तीतच पाहावेत व तेलाबरोबर गाळणीही बदलावी.

भातखाचरांच्या मुलखात एक निराळीच अडचण असते. चिखलणी करताना तेलपात्राच्या तळाला चिखलाचे लिंपण बसते आणि वाळल्यावर ते गोधडीसारखे काम करते. पात्राच्या पत्र्यातून हवेत जाणारी उष्णता त्यामुळे कोंडते. कोकणात व भंडारा-गोंदिया भागात चिखलणी संपताच तळ धुऊन खरवडणे अगत्याचे आहे.

भाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. धुराड्यातून सतत काळा धूर येत असेल व एअर क्लीनर स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा भार जास्त आहे असेच समजावे. रोटाव्हेटरची खोली कमी करावी किंवा खालचा गियर घ्यावा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत चढ चढणारा ट्रॅक्टर आणि भरलेली जीप घेऊन घाट चढणारा चालक, दोघांचीही चूक एकच असते. वरच्या गियरमध्ये इंजिन रडतकुढत चालवल्यास पंखा, पाण्याचा पंप व तेलाचा पंप तिन्ही मंद फिरतात आणि भार मात्र पूर्ण असतो. वेळीच खालचा गियर घेतल्यास इंजिन मोकळे फिरते.

शर्यतीच्या मोटारींना असतो तसा हवेवर निवणारा वेगळा तेलशीतक बाहेरून जोडून देणारे कारागीर आता तालुक्याच्या गावीही भेटतात. शेतीच्या इंजिनाला त्याची गरज क्वचितच असते. वर सांगितलेल्या गोष्टी नीट असताना उत्पादकाने दिलेली व्यवस्था पुरेशी ठरते. उलट, बाहेरून नेलेली नळी शेतात काडीकचऱ्याला अडकून निसटली तर सारे तेल पाहता पाहता जमिनीवर येते आणि बेअरिंगे जळतात.

पंपाचे इंजिन

विजेच्या पंपांनी पुष्कळ ठिकाणी जागा घेतली असली, तरी नदी-नाल्यांच्या काठी डिझेल इंजिनावरील पंप अद्याप दिसतात. पाण्याने निवणाऱ्या अशा इंजिनांत पंपाच्याच पाण्याचा एक फाटा इंजिनातून फिरवून बाहेर सोडलेला असतो. येथे दोष बहुधा उलट दिशेचा आढळतो. फाट्याची तोटी पूर्ण उघडी ठेवल्याने इंजिन गार राहते, डिझेल अधिक लागते व सिलिंडर लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० अंशांचे, म्हणजे हात क्षणभरच धरवेल इतके ऊन, असावे. त्या बेताने तोटी आवळावी. हवेवर निवणाऱ्या इंजिनांत सिलिंडरच्या पात्यांमधील धूळ व तेलकट मळ खरवडून काढणे आणि वारा वळविणारे पत्रे जागेवर ठेवणे, एवढेच पण कटाक्षाने करावे.

भारी काम संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. तीन ते पाच मिनिटे मंद चालू ठेवावे. टर्बो असलेल्या इंजिनांत हे विशेष आवश्यक आहे, कारण अचानक बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेले तेल तेथेच करपते.

काम चालू असताना पाण्याचा काटा लाल खुणेकडे गेला, पण तेलाचा दाब कायम आहे, पंखा फिरतो आहे व पाणी गळत नाही, तर भार काढून इंजिन मंद चालू ठेवावे. उष्णता हळूहळू उतरते. तेलाचा दाब पडला किंवा दिवा लागला, पट्टा तुटला अथवा पाणी वाहून गेले, तर मात्र त्याच क्षणी इंजिन बंद करावे. बांधापर्यंत नेण्याचाही मोह धरू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास हेडला चीर पडते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडल्यास दाबाखालील पाणी व वाफ तोंडावर उसळून गंभीर भाजते, म्हणून अर्धा तास तरी थांबावे. नंतर जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच सैल करावे, वाफ निघून गेल्यावर पूर्ण काढावे आणि इंजिन मंद चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे.