छर्‍याच्या रायफलीत हवा भरताना

गेल्या महिन्यात गेवराई तालुक्यातील एक शेतकरी कपाशीच्या फवारणीविषयी विचारायला आले. काम झाले तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगी नेमबाजी शिकते. शहरातल्या एका खेळाडूची जुनी रायफल घेतली. तिच्यात हवा भरावी लागते. पंक्चरवाल्याकडून भरली तर चालेल का?"

प्रश्न शेतीचा नव्हता. पण हल्ली खेड्यातील मुलेमुली या खेळात उतरत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्यांची रायफल काडतुसाची होती. आपल्या मुलांची सुरुवात मात्र दहा मीटरवरच्या, 4.5 मिलिमीटर छर्‍याच्या हवेच्या रायफलीने होते. म्हणून हा प्रश्न आणखी घरांतही येणार, असे धरून चालावे.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात आपण साधारण 30 पौंड हवा भरतो, ट्रकच्या चाकात शंभर-सव्वाशे. स्पर्धेच्या रायफलीच्या नळकांड्यात हवा लागते 200 बार, म्हणजे सुमारे 2,900 पौंड. नखाएवढ्या जागेवर ज्वारीची क्विंटलभराची दोन पोती ठेवावीत, एवढा हा जोर झाला. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर तिथवर पोहोचूच शकत नाही. फवारणीचा एचटीपी पंपसुद्धा याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच असतो.

त्यासाठी पाणबुडे वापरतात तशी जाड पोलादी टाकी, खास जोरदाबाची नळी, दाब दाखवणारे घड्याळ आणि उरलेली हवा सोडण्याचा स्क्रू एवढे साहित्य लागते. टाकी भरायची ती या कामासाठीच्या खास कंप्रेसरवर, कोरड्या व स्वच्छ हवेने. तिच्या खांद्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते. ती वाचल्याशिवाय टाकी घेऊ नये. अशा टाक्यांना मंजुरी देणारे केंद्र सरकारचे पेसो हे खाते आपल्या नागपुरातच आहे.

टाकीतून रायफलीत हवा कशी जाते? शेजारचे दोन हौद खालून पाइपाने जोडले की पाणी सारख्या पातळीला येते, तसेच हे. दहा लिटरची टाकी 200 बारला असेल आणि रायफलीचे 200 मिलिलिटरचे नळकांडे 100 वर उतरले असेल, तर एका भरण्याला टाकीचा काटा सुमारे दोन बारने खाली येतो. दहा वेळा भरले की 180 च्या आसपास. पुढे रायफल तेवढीच भरणार. 300 बारची टाकी जास्त दिवस पुरते, पण तिथे 200 वर थांबणे आपल्या हातात असते आणि घाई करणारा तिथेच चुकतो.

नळकांडे रायफलीपासून काढून नळीला पूर्ण आट्यांनी बसवावे. टाकीचा कॉक अगदी हळू उघडावा. भराभर भरले की नळकांडे तापते आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. 200 झाले की टाकी बंद करावी, स्क्रू सैल करून नळीतली हवा सोडावी, "फुस्स" आवाज थांबू द्यावा आणि मगच नळकांडे सोडवावे. एचटीपीच्या प्रात्यक्षिकात एकदा जोडाची पट्टी निसटली आणि नळी सापासारखी उसळून माझ्या पोटरीवर बसली. तीस बारलाच आठ दिवस लंगडलो. गळती हाताने चाचपू नये. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

वेल्डिंगवाल्याची काळी टाकी दिसायला सारखीच असते. तिच्यात ऑक्सिजन असतो. तो कधीही भरू नये. जोरदाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा वा ग्रीसचा थेंब भेटला की पेट घेतो. हवेच्या जोडांनाही आपले इंजिन ऑइल लावू नये.

टाकी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. मोटारसायकलवर उभी धरून नेऊ नये. कॉकवर पडली तर ती तोफगोळाच आहे. माझे मत विचाराल तर एकट्या कुटुंबाने टाकी घेऊच नये. चार पालकांनी मिळून घ्यावी व प्रशिक्षकाच्या ताब्यात ठेवावी. एकट्याला तीन टप्प्यांचा हातपंप पुरतो. दम लागतो, पण धोका कमी. पावसाळ्यात मात्र त्यातून ओल जाते.

आणि काहींच्या मनात येईल म्हणून सांगतो. ही रायफल रानडुकरांसाठी नाही, मोरांसाठी तर नाहीच. पाटोद्याजवळ नायगावचे मयूर अभयारण्य आहे आणि 1972 चा वन्यजीव कायदा आपल्या बांधावरही लागू आहे.

त्या शेतकर्‍यांना नळकांडे घेऊन बोलावले. मुलगीही आली. चष्मा पुसून कोरलेली तारीख वाचली. अशा नळकांड्याची मुदत बहुधा दहा वर्षांची असते, ती दीड वर्षापूर्वीच संपलेली. मुदतीतले नळकांडे वापरणे ही आंतरराष्ट्रीय नियमानेही खेळाडूचीच जबाबदारी आहे. विकणार्‍याने सांगितले नव्हते आणि यांनी विचारले नव्हते. वडिलांचा चेहरा उतरला. आता नवे नळकांडे कापूस विकल्यावर. तोवर पोरगी रोज सकाळी अर्धा तास, हवा नसलेली रायफल खांद्याला लावून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून उभी राहते. त्याला हवा लागत नाही, हे तिनेच मला सांगितले.