भिंतींतला आडवा दगड

सात रस्त्यावरून निघून हैदराबादच्या सडकेला लागलें कीं नळदुर्गामागोमाग उमरगा येतें, आणि तेथून किल्लारी जवळच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास तेथें जो भूकंप झाला, त्याचा हादरा आपल्या सोलापुरासही बसला. पुढें येथील सरकारी रुग्णालयांत जखमी माणसें आणलीं गेलीं. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक नुकते निजले होते. सुमारें दहा हजार माणसें गेलीं.

त्यांना कशानें मारलें? ६.२ तीव्रतेच्या भूकंपांत, घरें चांगलीं असलीं तर, एवढा संहार होत नाहीं. आपल्या भागांतील जुनी दगडमातीची भिंत बाहेरून एकसंध दिसते; वस्तुतः त्या दोन भिंती असतात. आंतून एक थर, बाहेरून एक थर, मध्यें चिखल आणि दगडाच्या चिपा. दोन्ही थरांना आरपार सांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हलली कीं हे थर पोट फुगून परस्परांपासून सुटतात, आणि वरचें माळवद, म्हणजे लांकडी तुळयांवर पसरलेली हातभर माती, निजलेल्यांवर येतें. हेंच माळवद उन्हाळ्यांत घर गार ठेवतें, म्हणून त्यावर वर्षानुवर्षें माती चढत गेली होती. ज्यांना दगडी घर परवडत नव्हतें, ते हलक्या छपराखालचे गरीब मात्र पुष्कळ ठिकाणीं वांचले.

पुढचा न्याय उलटा झाला. जीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, तेथें घराचें क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलें. भूमिहीन व अगदीं अल्पभूधारक यांस २५० चौरस फूट, मधल्यांस ४००, सात हेक्टरांवरील मालकांस ७५०. ही मोजणी मला तरी पटत नाहीं. घरांत खाणारीं तोंडें किती, याला तींत स्थान नव्हतें.

जीं गांवें जागच्या जागीं राहिलीं, त्यांची हकीकत अधिक ऐकण्यासारखी आहे. तेथें घरें दुरुस्त करून बळकट करावयाचीं होतीं. भिंतींत ठराविक अंतरांवर आरपार भोकें पाडून सळई व कांक्रीट भरावयाचें, म्हणजे तोच राहून गेलेला आडवा दगड मागाहून घालावयाचा. माळवदाची माती उतरावयाची. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू द्यावयाचे. पण ज्या दगडानें घात केला, त्यावर पुन्हां विश्वास कोण ठेवणार? लोकांना सिमेंटचें घरच हवें होतें. १९९४ ते १९९८ या काळांतील या कार्यक्रमांत लोकसहभागाचें काम शासनानें प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोंपविलें, आणि हजाराहून अधिक गांवांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरोघर जाऊन त्यांनीं माहिती गोळा केली, अनुदानाचे नियम समजावून सांगितले, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. अभियंता येतो आणि जातो. या बायका गांवच्याच. कोणता कोपरा पावसांत झिरपतो, हें घरांत वावरणारीस आधीं ठाऊक असतें. २००१ सालीं कच्छांत भूकंप झाल्यावर त्यांच्यापैकीं कांहीं जणी तेथल्या स्त्रियांच्या मदतीस गेल्या.

आपल्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या पुष्कळ भिंतीही याच जातीच्या आहेत. ज्यांच्या भिंतीचें पोट सुटलेलें दिसतें, त्यांनीं यंदां माळवदावर नवी माती चढवूं नये. आधीं जुनी उतरवावी.