पट्टा, टाळ्या आणि मायकल जॅक्सन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, तेवढं नीट केलंय. बाकी जसं बोललो तसं.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या ताईची मुलगी सात वर्षांची आहे. ताई तिचे डान्सचे रील्स टाकते आणि एडिटिंग मामाकडे, म्हणजे माझ्याकडे. ऑफिसचं काम संपलं की रात्री मी ते कापतो, जोडतो, गाण्याचा बीट जुळवतो. मागच्या महिन्यात कच्चं फुटेज बघत होतो. नवव्या टेकला तिची एक स्टेप चुकली. ती हसली नाही, रडलीही नाही. कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथे ताई उभी असणार, तिकडे तिनं एकदा बघितलं आणि कुणी काही सांगायच्या आत पुन्हा पहिल्या पोझमध्ये जाऊन उभी राहिली.

ताईनं तिच्यावर कधीही हात उचललेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती नजर काही माझ्या डोक्यातून जाईना. घरच्यांच्या नजरेखाली स्टार झालेलं पोर मोठेपणी कसं होतं, हे शोधत त्या रात्री मी मायकल जॅक्सनच्या जुन्या मुलाखती बघत बसलो. सकाळी स्टँडअप मीटिंगला डोळे लाल होते.

मायकलचा जन्म १९५८ चा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात गॅरी नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे, तिथला. दोन बेडरूमचं चिमुकलं घर आणि त्यात नऊ भावंडं. वडील जो जॅक्सन पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. तरुणपणी त्यांचा स्वतःचा एक बँड होता, तो काही चालला नाही. गिटार तेवढी घरात राहिली. तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. अर्थातच पोरांनी लावला, आणि एक दिवस टिटोच्या हातून तार तुटली. बाप भडकला, आणि मग म्हणाला, वाजवून दाखव. टिटोनं वाजवलं, आणि त्या घराची सगळी दिशाच बदलली.

मायकल पाच-सहा वर्षांचा असताना भावांच्या बँडमध्ये आला. शाळेतून घरी, घरून प्रॅक्टिस, शनिवार-रविवार कार्यक्रम. ते कार्यक्रमही कुठे? क्लबमध्ये, आणि काही ठिकाणी तर ज्या बाया कपडे उतरवत नाचतात त्यांच्या आधी किंवा नंतर. हे त्यानं स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. प्रॅक्टिसच्या वेळी बाप खुर्चीत बसलेला असायचा, हातात पट्टा. स्टेप चुकली की मार. २००३ च्या एका मुलाखतीत मायकल हे सांगतो तेव्हा तो चाळीशीत आहे, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसांपैकी एक आहे, आणि सांगताना तोंड झाकून घेतो. बापाला वडील म्हणायची परवानगी नव्हती, ‘जोसेफ’ म्हणायचं. १९९३ मध्ये ऑप्रा विन्फ्रीला त्यानं सांगितलं होतं की कधी कधी वडील समोर आले की त्याला उलटी व्हायची. लहानपणीच नाही, मोठेपणीही.

जो जॅक्सन यांची बाजू अशी की मी मारलं नाही, पट्ट्यानं आणि छडीनं फटके दिले. फरक काय, ते मला कळलेलं नाही. पण असं बोलणारी माणसं आपल्याही ओळखीची आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपण सहसा असं धरतो की एका बाजूला मार होता, ते वाईट, आणि दुसऱ्या बाजूला टाळ्या होत्या, तेवढंच पोराला सुख. मला वाटतं खरी गडबड इथेच आहे. पट्टा आणि टाळ्या दोन्ही त्या पोराला एकच गोष्ट शिकवत होते. बरोबर नाचलास तर तू सुरक्षित आणि लाडका. चुकलास तर नाहीस. आम्ही मशीन लर्निंगमध्ये मॉडेल असंच शिकवतो, बरोबर उत्तराला बक्षीस आणि चुकीला दंड. मॉडेल भन्नाट शिकतं, पण ज्याला बक्षीस आहे तेवढंच शिकतं. मॉडेलला संध्याकाळी घरी जायचं नसतं, म्हणून ते चालतं.

मायकलला घरी जायचं होतं, आणि घरी तोच बाप होता जो मॅनेजरही होता. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांची एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. ते म्हणायचे की मोठ्यांना जे हवंय तेच लहान मुलाला सतत द्यावं लागलं, तर ते स्वतःचा एक खोटा चेहरा तयार करतं. हे लबाडी म्हणून होत नाही, जगायला लागतं म्हणून होतं. बाहेरून तो चेहरा अगदी गुणी दिसतो. आतलं पोर मात्र वाढायचं राहून जातं. त्याला काय आवडतं, कशाचा राग येतो, हे कुणी विचारलेलंच नसतं.

मायकलच्या बाबतीत हा चेहरा तर कंपनीनं अधिकृतपणेच बनवला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं १९६९ मध्ये जॅक्सन फाइव्हला लोकांसमोर आणलं तेव्हा त्याचं वय दोनएक वर्षांनी कमी सांगितलं, कारण लहान पोर जास्त गोड वाटतं. वर त्यांचा शोध डायना रॉसनं लावला, असंही पसरवलं. तेही खरं नव्हतं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा पत्रकारांना ठरलेली उत्तरं देत होता. रेकॉर्डिंग स्टुडिओच्या समोर एक बाग होती. तिथे मुलं खेळायची, आणि हा त्यांच्याकडे बघून रडायचा, मग आत जाऊन गायचा. १९७० मध्ये त्या भावांची ओळीनं चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. कुणाला काय पडलंय बागेचं!

मग हे पोर मोठं होतं तेव्हा काय होतं? मला सगळ्यात जास्त चटका लावणारा प्रसंग १९८३ चा. मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम होता आणि त्यात मायकलनं पहिल्यांदा टीव्हीवर मूनवॉक केला. अख्खी अमेरिका वेडी झाली. आणि हा रंगमंचामागे नाराज, कारण गिरकीनंतर पायांच्या बोटांवर जितका वेळ उभं राहायचं मनात होतं तितका वेळ राहता आलं नाही. त्यानं लिहिलंय की तिथे एक लहान मुलगा आला आणि त्यानं विचारलं, तुला असं नाचायला शिकवलं तरी कुणी? तेव्हा कुठे त्याला पटलं की आज आपण बरं केलं. तोवरच्या सगळ्या टाळ्या त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. लोक याला परफेक्शन म्हणतात. मला त्यात खुर्चीतला माणूस दिसतो, फक्त आता तो डोक्याच्या आत बसलाय.

चेहऱ्याचंही तसंच. वयात येताना त्याला भरपूर मुरुमं आली, आणि वडील त्यावरून चिडवायचे. रोज रडायचो, आरशात बघायचो नाही, हे त्यानं ऑप्राला सांगितलंय. ‘गोंडस मायकल’ म्हणून ज्याची विक्री झाली त्या मुलाचं शरीर मोठं होणं म्हणजे जणू मालात बिघाड! पुढे नाकाच्या शस्त्रक्रिया झाल्या, हनुवटीला खळी पाडून झाली. इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. त्याची त्वचा पांढरी पडली ती कोडामुळे, आपण व्हिटिलिगो म्हणतो त्या आजारामुळे. शवविच्छेदनातही ते नोंदलं गेलंय. ‘त्याला गोरं व्हायचं होतं’ हा कॉलेजमधला विनोद मीही केलेला आहे. आता लाज वाटते.

आपल्याकडेही तो येऊन गेला, १ नोव्हेंबर १९९६ ला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. विमानतळावर नऊवारीतली सोनाली बेंद्रे आरती घेऊन उभी होती, तो मातोश्रीवरही जाऊन आला. कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केल्याचं प्रकरण मात्र २०२१ पर्यंत चाललं! ऑप्राला तो म्हणाला होता की रंगमंचावर आपल्याला घरी असल्यासारखं वाटतं आणि खाली उतरलं की उदास. अंधेरीतल्या त्या हजारो लोकांना अर्थातच फक्त वरचा मायकल दिसला.

आता अवघड भाग. १९८८ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात २७०० एकरांची जागा घेतली, नाव दिलं नेव्हरलँड. पाळणे, झुकझुक गाडी, प्राणी. बालपण राहून गेलं म्हणून बालपण विकत घेतलं, ही गोष्ट ऐकायला हृदयस्पर्शी आहे. पण तिथे खरी मुलंही यायची, मुक्कामाला राहायची. १९९३ मध्ये त्याच्यावर बाललैंगिक अत्याचाराचा आरोप झाला, दावा पैसे देऊन मिटवला गेला. दुसऱ्या एका प्रकरणात खटला चालला, आणि २००५ मध्ये ज्युरीनं त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष ठरवलं. २०१९ च्या एका माहितीपटात आणखी दोघांनी, आता मोठ्या झालेल्या, आपल्यावर लहानपणी अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्याचे कुटुंबीय ते नाकारतात. यावर निकाल देणारा मी कोण? पण त्याच्या चाहत्यांचं एक वाक्य मला मान्य नाही, ‘त्याला बालपण मिळालं नाही, म्हणून समजून घ्या.’ बालपण हिरावलं गेलं यातून एखाद्याची नड कळते. त्यानं त्या नडेपायी काय केलं आणि काय नाही, हा प्रश्न वेगळा राहतो, आणि तिथे त्या दुसऱ्या मुलांचं बालपण आधी येतं. स्वतःच्या मुलांना तो लोकांच्या नजरेपासून वाचवायला मुखवटे घालून बाहेर न्यायचा, आणि २००२ मध्ये बर्लिनच्या हॉटेलात यानंच आपलं तान्हं बाळ गॅलरीच्या कठड्याबाहेर धरून खालच्या गर्दीला दाखवलं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी आहेत. मला त्या जुळवता आल्या नाहीत.

‘पण बापानं मारलं म्हणूनच मायकल जॅक्सन झाला ना?’ हा मेसेज येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच बोलतो. तोच पट्टा सगळ्या भावांना होता. मार खाऊन काहीच न झालेल्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही, त्यामुळे आपल्याला फक्त जिंकलेला मार दिसतो. आणि दुसरं, मायकल बालवाडीत असताना शाळेच्या कार्यक्रमात एकटा गायला होता. लोक उभे राहिले, शिक्षिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं त्यानंच लिहिलंय. तिथे कुणाच्या हातात पट्टा नव्हता.

बापही दिवसभर राक्षस नव्हता, आणि पोरांसाठी तेच जास्त कठीण असतं. २००१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये केलेल्या भाषणात मायकलनं सांगितलं की त्याला डोनट फार आवडायचे, आणि मधूनच कधीतरी सकाळी स्वयंपाकघरात डोनटची पिशवी ठेवलेली असायची. चिठ्ठी नाही, काही नाही. वडिलांनी आणलेत हे त्याला कळायचं. रात्री जागून बघावं असं वाटायचं, पण ती जादू मोडेल म्हणून तो उठायचा नाही. एकदा जत्रेत बापानं त्याला उचलून तट्टावर बसवलं होतं, तेही त्याला चाळीस वर्षं लक्षात राहिलं. त्या भाषणात तो बापाला माफ करायची भाषा करतो. पुढच्या वर्षीच्या मृत्युपत्रात मात्र बापाचं नाव नाही. २५ जून २००९ ला तो गेला, लंडनच्या ५० कार्यक्रमांची तालीम चालू असताना, झोप येत नाही म्हणून दिलेल्या भुलीच्या औषधानं. वय ५०.

आपल्याकडे बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत. सेटवर हे निदान तपासता तरी येतं. आमच्या हॉलमध्ये रिंग लाइट लावून नऊ टेक झाले, ते कोण मोजणार? फुटेज माझ्याकडे येतं, म्हणजे मीच मोजू शकतो. इतके दिवस मोजले नव्हते.

मी ताईशी बोललो. वाईट बोललो बहुधा, कारण ती म्हणाली, ‘म्हणजे मी जो जॅक्सन का?’ आणि फोन ठेवला. तसं नाही हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मी एवढंच म्हणत होतो की चुकलेला टेक पण ठेवूया, आणि भाचीला एकदा विचारूया की कॅमेरा नसताना नाचायचंय का. विचारायचं कुणी, यावर अडलंय.

भाग आला त्याच दिवशी ताईला लिंक पाठवली. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.