कपाळातली हवा

एखाद्याला गर्व झाला की त्याच्या डोक्यात हवा गेली, असे आपण म्हणतो. गेल्या वर्षी माझ्या बारावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या थोरल्या भावाच्या डोक्याची सी. टी. स्कॅनची फिल्म आणून दाखविली. भावाचे कपाळ महिनाभर दुखत होते. फिल्मवर भुवयांच्या वर दोन पोकळ्या दिसत होत्या; एक काळीभोर, दुसरी करडी. "सर, यातला आजार कोणता? काळा की करडा?" त्याने विचारले.

प्रश्न चांगला होता. काळी दिसत होती ती हवा, आणि ती तेथे असावयासच हवी. बिघाड होता तो करड्या बाजूला. (फिल्मवर जी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते ती रोग्याची उजवी असते, कारण आपण त्याच्या समोर उभे राहून पाहत आहोत, असे धरलेले असते. बहुतेक मुले येथे एकदा तरी चुकतात.)

आपल्या कपाळाचे हाड भरीव नाही. भुवयांच्या वर त्याच्या दोन पत्र्यांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना ललाट कोटरे किंवा फ्रंटल सायनस म्हणतात. नाकाभोवती असलेल्या कोटरांच्या चार जोड्यांपैकी ही एक. तान्ह्या मुलाच्या कपाळात ती जवळजवळ नसतातच. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास ती क्ष-किरण चित्रात दिसू लागतात आणि विशीपर्यंत वाढतात. म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांची कोटरे अजून वाढतच आहेत. डावे व उजवे कोटर सहसा सारखे नसते. मधला हाडाचा पडदा बहुधा एकीकडे कललेला असतो आणि काही जणांत एक कोटर मुळात नसतेच. हा फरक इतका व्यक्तिगत असतो की १९२७ साली कल्बर्ट आणि लॉ या डॉक्टरांनी केवळ कोटरांच्या व आसपासच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रांवरून एका मृताची ओळख पटविली होती.

या खोलीला आतून ओलसर अस्तर असते. त्यावरील डोळ्यांना न दिसणारे केसांसारखे तंतू चिकट स्राव सतत एका ठराविक दिशेने ढकलत नेतात. ती दिशा म्हणजे खोलीच्या एकुलत्या एका मोरीची, जी खाली नाकात उतरते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले की, कोटराला दुसरीकडे भोक पाडले तरी हे तंतू स्राव जुन्या मोरीकडेच नेत राहतात! म्हणून ललाट कोटराच्या दुखण्यात डॉक्टर खोलीपेक्षा मोरीकडे अधिक बारकाईने पाहतात.

ही मोरी म्हणजे सरळ नळीही नाही. शेजारच्या लहान लहान कोटरांच्या भिंतींमधून जी बोळकांडी उरते तोच तिचा मार्ग. शेजाऱ्यांपैकी एखादे कोटर मोठे झाले की बोळ अरुंद होतो. सर्दीने अस्तर सुजले की तो बुजतो, स्राव आत साचतो आणि जंतूंना आयते घर मिळते. त्यातून कोटराच्या मागच्या पातळ भिंतीपलीकडे मेंदूचे आवरण आणि तळाखाली डोळ्याची खोबण. बोळ मोकळा करणाऱ्या शल्यचिकित्सकाला अगोदर नकाशा हवा, तो यासाठी.

साध्या क्ष-किरण चित्रातून हा नकाशा का मिळत नाही? कारण ते चित्र म्हणजे सावली. दिव्यासमोर दोन हात एकापुढे एक धरले तर भिंतीवर त्यांची एकच सावली पडते. तसेच कपाळापासून मानेपर्यंतची सगळी हाडे त्या चित्रात एकावर एक पडतात. कोटराची बाह्यरेषा दिसते, पण बोळ हरवतो.

सी. टी. स्कॅन सावल्यांवरूनच आतील गोष्ट शोधतो, पण सावल्या अनेक दिशांनी घेऊन. एक कोडे पाहा. चार घरांचा चौकोन आहे आणि प्रत्येक घरात एक संख्या लपली आहे. वरच्या ओळीची बेरीज ९, खालच्या ओळीची ८. डाव्या स्तंभाची ४, उजव्याची १३. वर ०, ९ आणि खाली ४, ४ असे उत्तर जमते. पण वर १, ८ आणि खाली ३, ५ हेही जमते! आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी तिरकी बेरीज ४ आहे, एवढे सांगितले की दुसरे उत्तर बाद होते. यंत्रातील क्ष-किरण नळी डोक्याभोवती फिरते ती अशा तिरक्या बेरजा गोळा करण्यासाठी. किरण आत शिरताना किती होते आणि बाहेर किती पोचले, या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेतला की वाटेतील प्रत्येक घराच्या शोषणाची बेरीज मिळते. पुढचे काम संगणकाचे.

या गणिताचा पाया राडोन यांनी १९१७ मध्येच घातला होता. प्रत्यक्ष यंत्र केले ते इंग्लंडमधील ई. एम. आय. कंपनीत काम करणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याचे चित्र घेतले गेले. स्वतंत्रपणे हेच गणित सोडविणारे कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या पहिल्या यंत्राचे चित्र ८० × ८० घरांचे होते. एकेक घर सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि छेदाची जाडी सुमारे १३ मिलिमीटर. काही मिलिमीटरांचा आपला बोळ अशा एका घरातच गडप व्हायचा! छेद पातळ झाल्यावर, १९८० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे झिनराइख आणि केनेडी यांनी चेहऱ्याला समांतर छेद घेऊन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी नकाशा करण्याची पद्धत रुळविली. त्यासाठी रोग्याला पालथे निजून मान मागे वळवावी लागे. आता एक मिलिमीटरहून पातळ छेद उताण्या रोग्याचेच घेतात आणि संगणक त्यांतून हव्या त्या दिशेचा छेद रचून देतो. बोळ वरपासून खालपर्यंत पाहण्यास बाजूने घेतलेला उभा छेद फार उपयोगी पडतो.

चित्रातील प्रत्येक घराला एक अंक असतो. पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड १००० किंवा त्याहून अधिक. स्राव आणि सुजलेले अस्तर पाण्याच्या थोडे वर, म्हणून करडे. मात्र पू कोणता आणि सुजलेले अस्तर कोणते, हे सी. टी. नेहमी वेगळे सांगू शकत नाही.

आणि करडे दिसले म्हणजे मोठा आजार, असेही नाही. १९९४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील ग्वाल्टनी व सहकाऱ्यांनी नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ तरुणांचे स्कॅन केले. २७ जणांच्या गालांच्या आणि १० जणांच्या ललाट कोटरांत बिघाड दिसला. त्यांपैकी १४ जणांचे स्कॅन सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा घेतले, तेव्हा ११ जणांची कोटरे प्रतिजैविके न घेताच मोकळी झाली होती किंवा बरीच सुधारली होती. प्रत्येक सर्दीला स्कॅन करून घेणारा माणूस म्हणूनच विनाकारण घाबरतो, शिवाय डोळ्यांच्या भिंगांवर किरणांचा मारा होतो तो वेगळाच. उलट सर्दीबरोबर ताप चढला आणि कपाळावर किंवा पापणीवर सूज आली, तर घरी वाट पाहू नये; जंतू भिंतीपलीकडे निघाल्याची ती खूण असू शकते, आणि हा धोका तुमच्याच वयाच्या मुलांत अधिक आढळतो.

विद्यार्थ्याच्या भावाला सूज नव्हती, ताप नव्हता. मी त्याला फिल्मवरील करड्या पोकळीच्या खालचा बोळ शोधावयास सांगितले. पाच-सात मिनिटे खिडकीशी फिल्म धरून तो पाहत होता. मग म्हणाला, "सर, काळ्या बाजूची वाट खालपर्यंत काळीच आहे. या बाजूची मध्येच संपते." डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून आधी नाकात मारावयाचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सुरू केले होते. ते कशासाठी, हे मात्र त्याला आता मी सांगावे लागले नाही.